गाळात वरच्या थरांकडे सेंद्रिय कार्बन वाढलेला दिसतो, म्हणजे तलाव बदलला असं म्हणता येईल का?

इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही नागपूरच्या पश्चिमेकडच्या एका बांधीव तलावातून साधारण साठ सेंटिमीटर लांबीचा गाळाचा कोअर, म्हणजे नळी खुपसून काढलेला उभा नमुना, काढला आहे. नमुने ५५० अंशांवर जाळून वजनातली घट, म्हणजे एलओआय, मोजलीत. ती तळाशी ९ टक्के आणि वरच्या थरांत १६ टक्के आली. काही नमुन्यांचं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर करून घेतलंत, ते तळाशी १३ आणि वर ९. तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं असं की गेल्या चाळीस वर्षांत सांडपाण्यामुळे तलावात शेवाळ माजलं, आणि हे आकडे तेच सांगतात. एवढ्या आधारावर प्रबंधात तसं लिहावं का, हातात पैसे थोडे असताना पुढे कोणती चाचणी करावी आणि लोणार सरोवराच्या गाळातल्या हजारो वर्षांच्या नोंदीशी याची सांगड घालता येईल का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मार्गदर्शकांचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. वाढत्या शहराच्या कडेला असलेल्या तलावाचं सहसा तेच होतं. पण तुमच्याकडच्या आकड्यांवरून तो सिद्ध होत नाही. तलावात काडीचाही बदल झाला नसता तरी याच दिशेने जाणारे आकडे मिळू शकले असते. म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘तलाव प्रदूषित झाला का’ हा नाही. एका थरात आज जेवढा सेंद्रिय पदार्थ सापडतो तो तेव्हा तलावात तेवढा आला म्हणून, की आलेल्यातला तेवढा टिकला म्हणून, की त्यात मिसळणारी माती कमीजास्त झाली म्हणून? या तिन्हींची फोड केल्याशिवाय कोअरमधली कुठलीही चढती रेषा इतिहास म्हणून वाचू नये, असं माझं ठाम मत आहे. विदर्भातल्या तलावांच्या गाळावर काम करताना माझा सगळ्यात जास्त वेळ याच फोडीत गेला आहे.

सुरुवात एलओआयपासून करू, कारण तुमचा मुख्य आधार तोच आहे. नागपूर शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, पूर्वेला भंडाऱ्याकडे जुने ग्नाइस आणि शिस्ट. पश्चिमेच्या तलावांत वाहून येते ती काळी कन्हार माती, आणि तिच्यातलं मुख्य चिकणखनिज स्मेक्टाइट आहे. स्मेक्टाइट दोन प्रकारे पाणी धरून ठेवतं. पापुद्र्यांच्या मधलं पाणी १०५ अंशांवर बरंचसं निघून जातं, पण नमुना हवेत उघडा राहिला की ते काही मिनिटांत परत शोषलं जातं. दुसरं पाणी स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं असतं आणि ते ५०० अंशांच्या पुढे सुटायला लागतं. म्हणजे तुमच्या ९ टक्क्यांतले काही टक्के सेंद्रिय पदार्थाचे नसून निव्वळ चिकणमातीच्या पाण्याचे असणार. तळाकडे चिकणमाती जास्त असेल तर तळाचा खरा सेंद्रिय पदार्थ तुम्ही समजता त्याहून कमी निघेल. वर चिकणमाती जास्त असेल तर वाढीचा काही भाग खोटा ठरेल.

यावरचा उपाय स्वस्त आहे. कोअरभर विखुरलेले दहा-बारा नमुने निवडा, आम्लाने कार्बोनेट काढून त्यांचा सेंद्रिय कार्बन मोजून घ्या आणि आडव्या अक्षावर कार्बन, उभ्या अक्षावर एलओआय असा आलेख काढा. सेंद्रिय पदार्थाच्या वजनात कार्बन साधारण निम्मा असतो, त्यामुळे रेषेचा चढ दोनच्या आसपास यायला हवा. ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तेवढा भाग बहुतांशी मातीच्या पाण्याचा. मग उरलेल्या सगळ्या थरांचं एलओआय तुम्हाला तुमच्याच तलावासाठी दुरुस्त करता येईल. पुस्तकातला ठरीव गुणक काळ्या मातीला लावू नका. वजन करताना मुशी डेसिकेटरमधून, म्हणजे नमुना कोरडा ठेवणाऱ्या बंद भांड्यातून, काढल्याबरोबर लगेच तराजूवर ठेवा, पावसाळ्यात तर फारच जपून.

दुसरी गोष्ट चुनखडीची. काळ्या मातीत चुन्याचे बारीक खडे असतातच. ५५० अंशांवर कॅल्साइट फारसं मोडत नाही, म्हणून एलओआयला त्याचा त्रास कमी होतो. पण प्रयोगशाळेने आम्लप्रक्रिया न करता एकूण कार्बन मोजून त्यावरून गुणोत्तर काढलं असेल, तर चुन्यातला कार्बनही त्यात आला. तळाचं १३ त्यामुळे फुगलेलं असू शकतं. तेव्हा प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा: आम्लप्रक्रिया केली होती का, आणि गुणोत्तर वजनाचं आहे की अणुसंख्येचं. वजनाच्या गुणोत्तराला १.१७ ने गुणलं की अणुसंख्येचं मिळतं. तुमचे आकडे वजनाचे असतील तर ते अनुक्रमे १५ आणि १०.५ च्या आसपास जातात. शेवाळासाठी ४ ते १० आणि जमिनीवरच्या झाडांसाठी २० च्या वर अशा ज्या मर्यादा सगळीकडे वापरल्या जातात, त्यांच्याशी ताडण्याआधी दोन्ही बाजूंची एकके एकच आहेत का ते बघावंच लागतं.

आता टक्केवारी. टक्केवारी हा वाटा असतो. वरणात पाणी जास्त झालं म्हणजे डाळ कमी टाकली असं होत नाही. गाळात माती कमी यायला लागली तर सेंद्रिय पदार्थ तेवढाच येत असूनही त्याचा टक्का वाढतो. तुमच्या तलावाच्या वरच्या अंगाला शेतं जाऊन लेआउट पडले, रस्ते झाले, नाल्यावर बंधारा आला, तर मातीचा पुरवठा बदललाच असणार. म्हणून टक्क्यांवर न थांबता दरवर्षी एका चौरस मीटरवर किती ग्रॅम कार्बन साचला हे काढा. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: कार्बनचा टक्का, थराची कोरडी घनता आणि गाळ साचण्याचा वेग.

कल्पित आकडे घेऊन हिशेब दाखवतो. तळाच्या थरात कार्बन २ टक्के, कोरडी घनता दर घन सेंटिमीटरला ०.८ ग्रॅम आणि साचण्याचा वेग वर्षाला ०.४ सेंटिमीटर. गुणाकार केला की वर्षाला चौरस मीटरमागे ६४ ग्रॅम कार्बन. वरच्या थरात कार्बन ४ टक्के, पण गाळ पातळ असल्याने घनता ०.३ आणि वेग ०.५. हिशेब येतो ६० ग्रॅम. टक्का दुप्पट झाला, प्रत्यक्ष साठा मात्र वाढला नाही, उलट किंचित उतरला. तुमच्या कोअरमध्ये असंच झालंय असं मी म्हणत नाही. पण घनता मोजल्याशिवाय ते नाकारताही येत नाही, आणि घनता मोजायला ठरावीक आकारमानाचा ओला नमुना, ओव्हन आणि तराजू एवढंच लागतं. ती मोजली नसेल तर कोअरचा उरलेला अर्धा भाग वाळायच्या आत आजच मोजा.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र टिकण्याचा आहे. तळाशी पडलेला सेंद्रिय पदार्थ तिथे तसाच पडून राहत नाही. जिवाणू तो खात राहतात, आधी वेगाने आणि नंतर हळूहळू. उत्तर स्वीडनमध्ये वर्षागणिक स्वतंत्र थर पडणारा एक तलाव आहे. तिथे वेगवेगळ्या वर्षी गोठवून काढलेल्या कोअरमधला एकच थर पुन्हा पुन्हा मोजला गेला. पहिल्या पाच वर्षांत त्या थरातला कार्बन सुमारे २० टक्के आणि नायट्रोजन सुमारे ३० टक्के घटला. सत्तावीस वर्षांनी ही घट अनुक्रमे २३ आणि ३५ टक्के झाली होती. बहुतेक नुकसान सुरुवातीलाच झालं, आणि नायट्रोजन कार्बनपेक्षा लवकर गेला. त्यामुळे कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर थर जुना होता होता आपोआप साधारण १० वरून १२ पर्यंत चढलं.

हे तुमच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. वर कार्बन जास्त आणि गुणोत्तर कमी, खाली कार्बन कमी आणि गुणोत्तर जास्त. कुजण्याची प्रक्रिया एकटीच अगदी हाच आराखडा तयार करते. आणि तो तलाव थंड प्रदेशातला. आपल्याकडे उन्हाळ्यात उथळ तलावाच्या तळाचं पाणीही चांगलंच तापतं, त्यामुळे कुजण्याचा वेग अर्थातच जास्त. तुमच्या कोअरमधला किती बदल या खात्यावर टाकायचा हे तुमच्या तलावाच्या खोलीवर, तळाशी प्राणवायू पोचतो की नाही यावर आणि गाळ किती वेगाने गाडला जातो यावर अवलंबून आहे. तो आकडा मी इथे बसून देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकणार नाही. कोअरवरूनच तो काढावा लागतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. सांडपाणी यायला लागलं की तळाचा प्राणवायू संपतो, आणि प्राणवायू नसला की सेंद्रिय पदार्थ जास्त टिकतो. म्हणजे प्रदूषणाने पुरवठाही वाढतो आणि टिकवणही वाढते, आणि कोअरमध्ये दोन्हींची बेरीज दिसते. ‘उत्पादन दुप्पट झालं’ असं लिहिणाऱ्याने यातला टिकवणीचा वाटा वेगळा काढलेला असायला हवा. गाळाचा रंग, कुजक्या अंड्यासारखा वास आणि लोह-मँगनीजचं प्रमाण यांवरून तळाशी प्राणवायू कधी कमी झाला असावा याचा माग लागतो. रंग आणि वास कोअर उघडल्यावर पहिल्या तासाभरातच टिपून ठेवायचे असतात. पुढच्या वेळी फोटोशेजारी मोजपट्टी आणि रंगतक्ता ठेवा.

कुजणं आणि इतिहास वेगळे कसे करायचे? मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगतो. एकाच तलावाच्या दोन ठिकाणांहून, जिथे गाळ साचण्याचा वेग वेगळा आहे तिथून, दोन कोअर घ्या. कुजणं हे गाळ किती जुना झाला आणि किती खोल गाडला गेला यावर चालतं, म्हणून ते प्रत्येक कोअरमध्ये पृष्ठभागापासून सुरू होणाऱ्या गुळगुळीत उतरत्या रेषेसारखं दिसतं, कोअर कुठल्याही वर्षी काढला तरी. तलावातली खरी घटना मात्र एका सालाला बांधलेली असते. ती एका कोअरमध्ये १५ सेंटिमीटरवर आणि दुसऱ्यात ३० सेंटिमीटरवर सापडेल, पण कालगणना केल्यावर दोन्हीकडे एकाच दशकात येईल. तुमच्याकडे आत्ता एकच कोअर आहे, तर निदान रेषेचा आकार नीट बघा. वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्येच सगळी वाढ आहे आणि खाली रेषा सपाट आहे, तर कुजण्यावर संशय घ्या. मध्येच कुठेतरी, समजा ३५ सेंटिमीटरवर, स्पष्ट पायरी आहे, तर तिथे तलावात काहीतरी घडलं आहे आणि तिचा पाठपुरावा करायलाच हवा.

इथपर्यंतचं सगळं कार्बन किती, याबद्दल झालं. तो कुठून आला हा वेगळा प्रश्न, आणि तुम्ही त्याचं उत्तर एकट्या कार्बन-नायट्रोजन गुणोत्तरावर सोपवलं आहे. शेवाळ आणि झाडं अशी दोनच टोकं धरली की १३ वरून ९ म्हणजे झाडांकडून शेवाळाकडे, असं सरळ वाटतं. पण आपल्या तलावांत आणखी पाहुणे आहेत. शेतातून धुपून येणाऱ्या मातीतल्या जुन्या सेंद्रिय पदार्थाचं गुणोत्तर सहसा १० ते १४ च्या घरात असतं, म्हणजे शेवाळ आणि झाडं यांच्या मिश्रणासारखंच. जलपर्णी आणि पाण्यातल्या इतर वनस्पतींचं गुणोत्तर शेवाळापेक्षा जास्त आणि झाडांच्या लाकडापेक्षा कमी. काठावरची बेशरमची झुडपं पानं गाळतात, ती वेगळीच. शिवाय सांडपाण्यातला अमोनियम चिकणमातीवर चिकटतो. तो सेंद्रिय नसतो, पण नायट्रोजन म्हणून मोजला जातो आणि गुणोत्तर खाली ओढतो. हे तपासायला नायट्रोजन विरुद्ध सेंद्रिय कार्बन असा आलेख काढा. कार्बन शून्य असतानाही रेषा नायट्रोजनच्या अक्षावर वर छेदत असेल, तर तेवढा नायट्रोजन मातीला चिकटलेला आहे. तो वजा करून गुणोत्तर पुन्हा काढा. नायट्रोजनची मोजणी आम्ल न लावलेल्या नमुन्यावर करून घ्या, कारण आम्लात धुतलं की थोडा नायट्रोजनही निघून जातो.

तुमच्या तलावाच्या पाणलोटातली मुख्य झाडं, गवत, दोन-तीन ठिकाणची शेतमाती, जलपर्णी आणि गाळणीने गोळा केलेलं शेवाळ यांचेही नमुने याच यंत्रावर मोजून घ्या. खर्च फार नाही. आंतरराष्ट्रीय सरासऱ्यांपेक्षा तुमच्या काठावरचे हे नमुने परीक्षकांना कितीतरी जास्त पटतात.

कार्बन-१३, म्हणजे कार्बनच्या जड समस्थानिकाचं प्रमाण, करून घ्यायचा विचार असेल तर करा, पण विदर्भातली एक गोष्ट ध्यानात ठेवून. ज्वारी, मका, ऊस आणि आपली बहुतेक उन्हाळी गवतं सी-४ गटातली (सी-३ आणि सी-४ हे प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून पडणारे गट), त्यांचं मूल्य उणे १३ प्रति हजारच्या आसपास. कापूस, तूर, सोयाबीन, संत्रा, भात, साग हे सगळे सी-३, उणे २७ च्या आसपास. गेल्या काही दशकांत आपल्याकडच्या शेतांत ज्वारी आटत गेली आणि तिची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. त्यामुळे पाणलोटातून येणाऱ्या मातीचं कार्बन-१३ मूल्य पावसाचा काहीही संबंध नसताना उणेकडे सरकू शकतं. दुसरं कारण जागतिक आहे. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचंच मूल्य औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत सुमारे दोन प्रति हजारांनी घसरलं आहे. आधुनिक थरांचे आकडे त्यासाठी दुरुस्त करावेच लागतात. आणि शेवाळ फार माजलं तर पाण्यातला हलका कार्बन संपून मूल्य उलट दिशेला, वर, जातं. या तीन शक्ती एकाच वेळी काम करत असताना एका रेषेवरून निष्कर्ष काढणं धोक्याचं. नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचं जड समस्थानिक, सांडपाण्यासाठी जास्त बोलका आहे. मैल्याचा आणि जनावरांच्या शेणामुताचा नायट्रोजन साधारणपणे जड असतो, रासायनिक खताचा शून्याच्या जवळ. तुमच्या मार्गदर्शकांचा अंदाज तपासायचा असेल तर दोन्हींपैकी मी आधी नायट्रोजन-१५ निवडेन.

आता थोडं थांबून तुमची जागा बघू. आतापर्यंतचं सगळं तर्कशास्त्र एका गृहीतकावर उभं आहे: थर जिथे पडले तिथेच आहेत. नागपूरच्या तलावांच्या बाबतीत हे गृहीत धरून चालत नाही. अंबाझरी १८७० चा, फुटाळा भोसल्यांच्या काळातला, गोरेवाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. हे सगळे बांध घालून केलेले तलाव आहेत. म्हणजे तुमची नोंद बांधापासून सुरू होते आणि तिच्याखाली जुनी जमीन आहे. साठ सेंटिमीटरच्या तळाशी गाळ अचानक घट्ट, कोरडा, मुळांच्या खुणा असलेला लागला का? तसं असेल तर तुमचे तळाचे आकडे तलावाचे नसून शेताचे आहेत, आणि ‘तेव्हाचा स्वच्छ तलाव’ म्हणून त्यांच्याशी तुलना करता येणार नाही.

नंतर प्रश्न उपशाचा. शहरातले काही तलाव गाळ काढून साफ झाले आहेत, आणि २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत राज्यभर अनेक जलसाठ्यांतला गाळ शेतांवर गेला. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलावही याला अपवाद नाहीत. शेतकऱ्यासाठी आणि साठवणीसाठी ते चांगलंच आहे, पण तिथे आपल्या कोअरमध्ये अनेक वर्षांची पानं फाडलेली असतात, आणि वरून ते दिसतही नाही. उन्हाळ्यात तलाव आटत असेल तर काळ्या मातीला भेगा पडतात आणि वरचा ताजा गाळ त्या भेगांतून खाली जातो. विसर्जनाच्या घाटाजवळ मूर्तींची माती, निर्माल्य आणि भाविकांची वर्दळ यांमुळे थर ढवळलेले असतात. कोअर नेमका कुठून काढला ते तुम्ही लिहिलेलं नाही. जागा ठरवताना माझा पहिला सल्लागार नेहमी तलावात मासेमारी करणारा ढीवर असतो. कुठे खोदकाम झालं, कुठे तळ कधीच उघडा पडत नाही, जुन्या नाल्याचं पात्र कुठून जातं, हे डोंगा चालवणाऱ्याला नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. सहकारी संस्थेच्या लोकांशी बोला, पाटबंधारे किंवा मनपाच्या जुन्या कामांच्या नोंदी मागा.

कालगणनेशिवाय ‘गेल्या चाळीस वर्षांत’ हे शब्द लिहूच नका. या काळासाठी शिसे-२१० हे शिशाचं किरणोत्सारी समस्थानिक हेच मुख्य साधन आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, त्यामुळे साधारण शंभर ते दीडशे वर्षांपर्यंत ते चालतं. दहा-पंधरा नमुने पुरतात, पण ते वरच्या भागात जास्त आणि खाली विरळ घ्या, आणि एकदोन नमुने अगदी तळातून, म्हणजे मातीतलं मूळचं शिसे-२१० किती ते कळेल. गाळ साचण्याचा वेग बदलत गेला असणार, म्हणून स्थिर पुरवठा धरणारं सीआरएस गणित वापरा. उपशाने थर गेले असतील तर मात्र तेच गणित फसतं, कारण त्याला एकूण साठा पूर्ण लागतो. सीझियम-१३७ चं १९६३ चं शिखर जगभर वापरतात, पण अणुचाचण्यांची धूळ मुख्यतः उत्तरेकडच्या मध्य अक्षांशांवर पडली. आपल्याकडे ते शिखर बरेचदा पुसट येतं. मिळालं तर उत्तम, त्यावर सगळं टांगू नका.

आपल्या भागात याला जोड देणाऱ्या खुणा आहेत. कोराडीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७४ चा. उच्च तापमानाला कोळसा जळताना काजळीचे गोल कण तयार होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता येतात. वाऱ्याची दिशा आणि तुमच्या तलावाचं अंतर यावर किती सापडतील ते ठरेल, पण त्यांच्यात ठळक वाढ दिसली तर शिसे-२१० च्या तारखेला दुजोरा मिळतो. हाच कोळसा दुसरीकडे त्रासही देतो. न जळलेले कण सेंद्रिय कार्बन म्हणून मोजले जातात, आणि त्यांच्यात कार्बन-१४ मुळीच नसतो, त्यामुळे थर खोटाच जुना ठरतो. म्हणून सरसकट गाळावर कार्बन-१४ करू नका, पान किंवा काडीचा तुकडा सापडला तरच करा. दुसरी खूण ताजी आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी ओसंडून वाहिला आणि शहरात पूर आला. अशा पुराचा थर सहसा मातकट, सेंद्रिय पदार्थ कमी असलेला आणि भुसभुशीत गाळात वेगळा उठून दिसणारा असतो. तुमचा कोअर त्यानंतरचा असेल तर वरच्या काही सेंटिमीटरमध्ये तो शोधा. सापडला तर वरचा गाळ शाबूत आहे याची खात्रीही पटेल.

पैशांचा क्रम मी असा लावेन. घनता, दुरुस्त एलओआय आणि आम्लप्रक्रियेनंतरचा कार्बन हे जवळजवळ तुमच्याच प्रयोगशाळेत होईल, ते आधी. मग उरलेल्या पैशांतला सर्वात मोठा वाटा शिसे-२१० ला द्या, समस्थानिकांना नव्हे. तारखा नसतील तर बाकी सगळ्या सुंदर रेषा अधांतरी राहतात. त्यानंतर नायट्रोजन-१५. आणि शेवटी, कोअरमधल्या चार-सहा नेमक्या थरांवर जैवखुणा, म्हणजे कुठल्या जिवाचा पदार्थ आहे ते सांगणारी रसायनं. पानांवरच्या मेणातले २७ ते ३१ कार्बनचे लांब अल्केन जमिनीवरच्या झाडांचे, २३ आणि २५ चे बरेचदा पाण्यातल्या वनस्पतींचे, १७ चा शेवाळाचा. निळ्या-हिरव्या शेवाळाचं झिॲक्झँथिन हे रंगद्रव्य आणि मानवी मैल्याचं कोप्रोस्टॅनॉल ही दोन मिळाली, तर तुमच्या मार्गदर्शकांच्या म्हणण्याला थेट पुरावा मिळेल. रंगद्रव्यं प्रकाशात आणि उष्णतेत लवकर नासतात. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या कोअरवर रंगद्रव्यं मोजायला जाऊ नका.

लोणारबद्दल. तुमची तुलना करायची इच्छा मला मनापासून आवडली, कारण आपल्या भूमीत एवढी मोठी नोंद उपलब्ध आहे आणि ती इथल्या विद्यार्थ्यांनी वाचलीच पाहिजे. सुमारे १० मीटरच्या कोअरमध्ये तिथे जवळजवळ संपूर्ण होलोसीन, म्हणजे अकरा हजारांहून जास्त वर्षं, सापडली. त्यात दोन दीर्घ दुष्काळी कालखंड दाखवले गेले आहेत: सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. सेंद्रिय पदार्थाबरोबर गेलुसाइट या बाष्पीभवनातून तयार होणाऱ्या खनिजाच्या स्फटिकांचाही त्याला आधार होता, एकट्या कार्बनच्या टक्क्याचा नव्हे. पण लोणार उल्काघातातून तयार झालेलं, पाणी बाहेर न जाणारं, खारट आणि पीएच १० च्या आसपास असलेलं सरोवर आहे. तिथलं शेवाळ बायकार्बोनेटमधला जड कार्बन वापरतं, त्यामुळे कार्बन-१३ चा जो आकडा तुमच्या गोड्या तलावात गवताची खूण वाटेल तोच तिथे शेवाळाचा असू शकतो. आणि तुमचे साठ सेंटिमीटर तिथल्या कालपट्टीवर अगदी वरच्या टोकाला बसतात. म्हणून आकड्यांची तुलना नको, पद्धतीची करा. त्यांनी पुरवठा, टिकवण आणि स्रोत वेगळे करायला किती स्वतंत्र पुरावे एकत्र आणले ते तुमच्या प्रकरणात दाखवा.

तोवर प्रबंधात एवढं लिहिता येईल: ‘वरच्या थरांत सेंद्रिय पदार्थाचं प्रमाण जास्त आणि कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर कमी आहे. वाढलेली जैविक उत्पादकता हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. अलीकडच्या थरांचं अपूर्ण विघटन आणि मातीच्या पुरवठ्यातला बदल ही अन्य स्पष्टीकरणं तपासणं बाकी आहे.’ मार्गदर्शकांना हे पटवायला वर सांगितलेला घनतेचा हिशेब तुमच्या आकड्यांनी करून दाखवा. त्यावर चर्चा सहज होते.

कोअरचा जो अर्धा भाग अजून कापलेला नाही तो गुंडाळून, वरची बाजू ठळक खुणेने दाखवून, ४ अंशांवर अंधारात ठेवा. नळीवर तारीख, पाण्याची खोली, जीपीएस स्थान आणि काढणाऱ्यांची नावं लिहा. आणि कापलेल्या प्रत्येक थराची कोरडी पूड थोडी तरी राखून ठेवा. इथे परत याल तेव्हा खोलीनुसार कार्बन, घनता आणि नायट्रोजन-कार्बनचा आलेख असे तीन आलेख टाका. मी नक्की बघेन.